ऐकणाऱ्यांनी विचारावं म्हणून

ताई,
मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जर्मन बी टू पातळीपर्यंत शिकले, आता बेळगावात नर्सिंगच्या मुलींना आणि उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्या काही पोरांना जर्मन शिकवते. दर रविवारी पंधरा मिनिटांचा ऑडिओ रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवते. दीडशेच्या आसपास जण ऐकतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, पलीकडे चंदगडचेसुद्धा आहेत. शेवटी न चुकता म्हणते, ‘हाबन झी फ्रागन? बिटे, फ्रागन झी मिअर!’, म्हणजे ‘तुम्हाला प्रश्न आहेत का? कृपया मला विचारा!’ आठ महिने झाले, जर्मनमध्ये एकानंही प्रश्न विचारलेला नाही. ग्रुपवर सगळे अंगठे दाखवतात. आणि रात्री अकरा वाजता मला एकटीला मराठीत नाहीतर कन्नडमध्ये विचारतात. माझं शिकवणं चुकतंय, की यांना शिकायचंच नाही? प्रश्न मागवणं बंद करू का? मी लहान आहे, मला तू म्हणा.
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

बरं, तू म्हणते. जर्मनमध्ये यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत. तुला ती ठाऊक असणार, इतर वाचकांसाठी सांगते. ‘दूत्सन’ म्हणजे एखाद्याला ‘दू’ म्हणणं, आपलं अगंतुगं करणं, आणि ‘झीत्सन’ म्हणजे अहोजाहो करणं. या दोन शब्दांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तुझ्या अडचणीचा एक धागा तिथे आहे.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. बंद करू नकोस. तुला प्रश्न येत नाहीत असं तू लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत रात्री अकराला प्रश्न येतात असंही लिहिलंस. म्हणजे तुझे श्रोते विचारतात. तू जी जागा उघडून ठेवलीस तिथे तेवढे ते येत नाहीत. ही अडचण वेगळी आहे आणि तिच्यावर उपाय आहे.

आपण बेळगावकर दिवसभर कन्नड ऐकतो, पण त्यातली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. कन्नडमध्ये ‘केळु’ म्हणजे ऐकणं आणि ‘केळु’ म्हणजेच विचारणं. रेडिओवर श्रोत्यांना ‘केळुगरु’ म्हणतात. म्हणजे त्या भाषेत ऐकणारा आणि विचारणारा एकाच क्रियापदाच्या पोटी जन्मलेले आहेत. मराठीत आपण ती दोन कामं वेगळी केली आणि त्यातलं ऐकणं तेवढं सभ्य मानलं. आपल्या भागातली गावोगावची साहित्य संमेलनं आठव, कडोलीचं, येळ्ळूरचं, उचगावचं. व्याख्यान संपलं की टाळ्या, मग आभारप्रदर्शन. श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे ही वेळ कार्यक्रमपत्रिकेत सहसा नसतेच. शाळेतही ‘समजलं?’ म्हटलं की एका सुरात ‘हो बाई’. तुझ्या ग्रुपवरचा अंगठा म्हणजे तेच ‘हो बाई’. तो आळस समजू नकोस, ते वळण आहे. समोर बोलणाऱ्याचा मान राखायचा म्हणून माणूस गप्प बसतो.

आता तुझं वाक्य. ‘हाबन झी फ्रागन?’ याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि नाही म्हणणं सोपं असतं. ‘नोख फ्रागन?’, आणखी प्रश्न?, असं म्हणालीस तर आणखी वाईट. बसमध्ये कंडक्टर ‘तिकीट राहिलंय का कुणाचं?’ म्हणतो, तेव्हा तो कुणाला बोलतं करत नसतो, पुढे जाण्याआधी खात्री करून घेत असतो. तसा त्या प्रश्नाचा सूर लागतो.

मी पुण्यात जर्मन शिकत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या बाई तास संपताना रोज ‘नोख फ्रागन?’ म्हणायच्या आणि आम्ही त्या शब्दांवर पिशव्या उचलायचो. आमच्या लेखी ती घंटा होती. एक दिवस त्या उभ्या होत्या त्या खुर्ची ओढून बसल्या आणि वेगळंच विचारलं: ‘वास वार हॉयटे श्वेअर?’ आज काय जड गेलं? आणि गप्प बसल्या. ती शांतता मला अजून आठवते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी एकच शब्द म्हणालं, ‘डाटीफ’. चतुर्थी. सगळा वर्ग सुटल्यासारखा बोलायला लागला. मोडकं, अर्धं मराठी, अर्धं जर्मन. त्या दिवशी तास वीस मिनिटं लांबला आणि बाईंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

‘तुम्हाला प्रश्न आहेत का’ असं विचारलं की श्रोत्याला आधी कबूल करावं लागतं की आपल्याला काहीतरी आलं नाही. ‘काय जड गेलं’ म्हटलं की तू आधीच मान्य केलेलं असतं की जड जाणारच. एवढा फरक पुरतो.

आणि त्यानंतरची शांतताही महत्त्वाची आहे. अमेरिकेत मेरी बड रो या अभ्यासक बाईंनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून हे तपासलं आणि १९७०च्या दशकात मांडलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि स्वतःच बोलायला लागतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबायची सवय लावली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागली. तुझ्या ऑडिओत समोर कुणी नाही, तरी हे लागू आहे. ‘वास वार हॉयटे श्वेअर?’ म्हण आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून खरंच पाच सेकंद गप्प बस. ऐकणाऱ्याच्या मनात त्या पाच सेकंदांत काहीतरी उगवतं. आत्ता तू लगेच ‘आउफ वीडरह्योरन’, पुन्हा ऐकूया, म्हणून मोकळी होत असणार.

आता तुझ्या वाक्यातला दुसरा भाग, ‘फ्रागन झी मिअर’. हे मनाला लावून घेऊ नकोस, पण तिथे ‘मिश’ हवं: ‘फ्रागन झी मिश’. ही चूक तुझ्या एकटीची नाही. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाची आहे आणि तिचं मूळ आपण चौथी-पाचवीत पाठ केलंय. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. प्रत्यय तेच. ‘मला विचार’ आणि ‘मला दे’, दोन्हीकडे ‘मला’. आपल्या कानाला दोन विभक्त्या वेगळ्या ऐकूच येत नाहीत. जर्मनला त्या वेगळ्या लागतात. ‘फ्रागन’ द्वितीया मागतं, म्हणून ‘मिश’. ‘गेबन’, देणं, ज्याला द्यायचं त्याच्यासाठी चतुर्थी मागतं, म्हणून ‘मिअर’. आणि ‘आन्टवोर्टन’, उत्तर देणं, तेही चतुर्थी मागतं. म्हणजे जर्मन माणूस विचारतो द्वितीयेत आणि उत्तर देतो चतुर्थीत.

इथे तुझ्याकडे एक अशी सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या शिक्षकांकडे नाही. तुझे श्रोते कन्नड जाणतात. प्रमाण कन्नडमध्ये ‘नन्नन्नु केळी’, मला विचारा, आणि ‘ननगे कोडी’, मला द्या. तिथे ‘मला’ दोन वेगळ्या रूपांत येतो, अगदी जर्मनसारखा. ‘नन्नन्नु’च्या जागी ‘मिश’, ‘ननगे’च्या जागी ‘मिअर’. हे प्रत्येक क्रियापदाला जुळेल असं नाही, पण या दोन वाक्यांवर पक्कं बसतं. सीमाभागातल्या पोरांना कन्नड हे ओझं म्हणून सांगितलं जातं. एका रविवारी त्यांना दाखव की याच कन्नडमुळे जर्मनची एक अवघड गाठ सुटते.

एक बारकावा आणखी. आपण ‘प्रश्न विचारतो’, म्हणून मुलं ‘आयने फ्रागे फ्रागन’ म्हणतात. तसं जर्मन माणूस म्हणत नाही. तो प्रश्न ‘श्टेलन’ करतो, म्हणजे उभा करतो, मांडतो: ‘आयने फ्रागे श्टेलन’. आणि ज्याच्यासमोर मांडायचा तो चतुर्थीत, म्हणून ‘श्टेलन झी मिअर आयने फ्रागे’ मात्र बरोबर. तुझं ‘मिअर’ बहुतेक इथूनच घसरत आलं असावं. याउलट मदत मागायची असेल तर ‘फ्रागन’ चालत नाही, ‘बिटन’ लागतं. इंग्रजीतून जर्मनकडे जाणारी मुलं इथे अडखळतात, कारण इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मराठीत विचारणं वेगळं आणि मागणं वेगळं. तेव्हा तुझ्या मुलांना सांग की मधे इंग्रजी आणू नका, मराठीतून सरळ उडी मारा.

आता मी सगळ्यात महत्त्वाचं मानते त्या गोष्टीकडे येते. तुझ्या श्रोत्यांना भीती कशाची वाटते?

आपल्या भागात भाषा ही नुसती बोलायची गोष्ट कधी राहिली नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथे माणूस तोंड उघडतो तेव्हा ऐकणारा आधी हे ठरवतो की हा कुठल्या बाजूचा. दुकानात एक भाषा, कचेरीत दुसरी, घरी तिसरी, कॉलेजात इंग्रजी. यातल्या कुठल्या ना कुठल्या भाषेच्या उच्चारावरून प्रत्येकाला कधीतरी कुणीतरी हसलेलं असतं. मराठी घरातल्या पोराचं कन्नड, कन्नड घरातल्या पोराचं मराठी, आणि दोघांचं इंग्रजी. माझ्या ओळखीच्या एका मुलीला वर्गात कन्नड वाचताना हसले होते. ती आज तीस वर्षांची आहे, कन्नड अस्खलित बोलते, पण चारचौघांत वाचायला अजून नकार देते. अशा माणसाला तू दीडशे जणांच्या ग्रुपवर पाचव्या भाषेत, नामाचं लिंग दाखवणारा शब्द ‘डेअर’ की ‘डी’ की ‘डास’ याची खात्री नसताना प्रश्न टाक म्हणतेस. तो अंगठा दाखवतो. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणून रात्री अकराचे ते निरोप तू त्रास समजू नकोस. तेच तुझं धन आहे. एक वही कर. प्रत्येक प्रश्न आला तसा, मराठी असो की कन्नड, लिहून ठेव. मग विचारणाऱ्याला सांग की तुझा प्रश्न रविवारी घेते, नाव सांगणार नाही. आणि रविवारी तो जर्मनमध्ये म्हण: ‘आयने ह्योररिन आउस निपाणी म्योष्टे विसन, वारुम…’ निपाणीच्या एका श्रोतीला जाणून घ्यायचंय, असं का… तिनं मराठीत विचारलं होतं, पण रेडिओसारख्या आवाजात तिचा प्रश्न जर्मन होऊन तिच्या कानावर येईल. पुढच्या वेळी ती निम्मा स्वतः जर्मनमध्ये पाठवेल. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’साठी लोक पोस्टकार्डं का पाठवायचे? गाणं तर हवंच असायचं, पण आपल्या गावाचं नाव रेडिओवर ऐकायला मिळावं ही ओढ केवढी होती. नाव घेतलं की चुकीची लाज वाटते, गाव घेतलं की अभिमान वाटतो. तेव्हा माणसाचं नाव झाक आणि गावाचं उघड सांग. संकेश्वर, हुक्केरी, नंदगड, कुठलंही.

चुका कशा दुरुस्त करायच्या ते यातच आलं. कुणी लिहिलं, ‘वारुम दू फ्राग्स्ट मिअर निष्ट?’, तू मला का विचारत नाहीस, तर तू वाचताना शांतपणे ‘वारुम फ्राग्स्ट दू मिश निष्ट?’ असं वाच आणि उत्तराकडे जा. ‘इथे दोन चुका आहेत’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. ज्याचा प्रश्न आहे त्याला फरक बरोबर ऐकू येतो, बाकीच्यांना कळायचं कारण नाही.

आणि मोकळं मैदान देऊ नकोस, साचा दे. ‘काहीही विचारा’ म्हटलं की काहीच सुचत नाही. अगदी नव्या माणसाला एकच वाक्य दे: ‘वी हाइस्ट … आउफ डॉइच?’ म्हणजे याला जर्मनमध्ये काय म्हणतात? मधल्या रिकाम्या जागी मराठी शब्द टाकायचा. ‘वी हाइस्ट सासू आउफ डॉइच?’ झाला जर्मनमधला प्रश्न, चूक व्हायला जागाच नाही. उत्तर: ‘श्वीगरमुटर’. थोडं पुढे गेलेल्यांना ‘वास इस्ट डेअर उंटरशीड त्स्विशन … उंट …?’ म्हणजे या दोहोंत फरक काय? दोन शब्द टाकले की काम झालं. उद्यमबागेतल्या पोरांना हा साचा आवडेल, कारण ती दिवसभर दोन मापांतला फरकच मोजत असतात.

जे आणखी पुढे आहेत त्यांच्यासाठी ‘इश म्योष्टे विसन, वारुम…’ हा साचा मला सर्वांत जवळचा वाटतो. सरळ प्रश्नात क्रियापद ‘वारुम’च्या लगेच नंतर यावं लागतं: ‘वारुम बेनुट्स्ट मान हिअर डेन डाटीफ?’ आपली जीभ तिथे अडते, कारण मराठीत क्रियापद शेवटी बसतं. पण पुढे ‘मला जाणून घ्यायचंय’ जोडलं की जर्मनमध्येही क्रियापद शेवटी जातं: ‘इश म्योष्टे विसन, वारुम मान हिअर डेन डाटीफ बेनुट्स्ट.’ इथे चतुर्थी का वापरतात. ‘वापरतात’ शेवटी, ‘बेनुट्स्ट’ शेवटी. व्याकरणाच्या पुस्तकांत हा प्रकार अवघड म्हणून मागच्या धड्यांत ठेवलेला असतो. मराठी माणसाला तो आधी द्यावा असं माझं ठाम मत आहे. शिवाय तो नम्र वाटतो, आणि आपल्याकडचा माणूस नम्रपणे विचारायला मिळालं तर लवकर विचारतो.

लिहायचा कंटाळा हेही एक कारण असतं. फोनवर उमलाउटची, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेली, अक्षरं हुडकताना माणूस प्रश्न सोडून देतो. टिंबं नसली तर त्या अक्षरापुढे रोमन ‘ई’ लावायचा ही पद्धत जर्मन लोकांनाही मान्य आहे, हे एकदा स्पष्ट सांगून टाक. नुसती टिंबं गाळून मात्र चालत नाही, कारण ‘शोन’ म्हणजे आधीच आणि ‘श्योन’ म्हणजे सुंदर. नाहीतर बोलून पाठवा म्हण. दहा सेकंदांचा आवाज पाठवणं सोपं, आणि उच्चारही तुला कळतात.

आता ते अगंतुगं. आपलं ‘तुम्ही’ दोन कामं करतं, अनेकांना आणि आदरानं एकाला. जर्मनमध्ये आदराचं ‘झी’ वेगळं आणि आपल्या माणसांच्या घोळक्याला ‘ईअर’ वेगळं. तू मराठीतल्या ‘तुम्ही’वरून सरळ ‘झी’ उचललंस, म्हणून तुझं निमंत्रण कचेरीतल्या सूचनेसारखं लागतं. कन्नडमधल्या ‘बर्री’, ‘हौद्री’तल्या ‘री’सारखा मान त्यात आहे, पण जवळीक नाही. ज्यांच्या घरची सुखदुःखं तुला ठाऊक आहेत त्यांना ‘ईअर’ म्हण: ‘शिक्ट मिअर ऑयरे फ्रागन’, तुमचे प्रश्न मला पाठवा. नर्सिंगच्या मुलींना मात्र रुग्णाशी आणि वरिष्ठांशी ‘झी’ लागणारच आहे, तेव्हा एखादा भाग ठरवून ‘झी’मध्ये कर आणि तसं आधी सांग.

‘रूइश’ हा शब्दही वापर. एरवी त्याचा अर्थ शांत. पण ‘फ्राग्ट रूइश’ म्हटलं की होतो ‘विचारा की’, ‘संकोच करू नका’. आपल्या ‘की’, ‘ना’, ‘बरं’ या शब्दांसारखा तो वाक्याला मऊ करतो. ‘हाबन झी फ्रागन’ आणि ‘फ्राग्ट रूइश’ यांत ‘काही शंका?’ आणि ‘विचारा की ओ’ एवढा फरक आहे. ‘ऐकणं’ यासाठीही जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. ‘ह्योरन’ म्हणजे ऐकू येणं किंवा ऐकणं, ‘त्सूह्योरन’ म्हणजे कान देणं. तुझे लोक कान देतात, नाहीतर रात्री अकराला निरोप आला नसता.

परीक्षेला बसणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांग, ती त्यांना हलवेल. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या मॅक्स म्युलर भवनच्या, बी वन पातळीच्या परीक्षेत तोंडी भागात आपण एक विषय मांडायचा असतो. जोडीदाराचा विषय ऐकून झाला की त्याला प्रतिक्रिया द्यायची आणि एक प्रश्न विचारायचा असतो. तो प्रश्न विचारण्याला गुण आहेत. म्हणजे तुझ्या ग्रुपवरचा प्रत्येक प्रश्न हा सराव आहे. मुलं उत्तरं पाठ करून जातात आणि प्रश्न विचारायची वेळ आली की गोंधळतात.

व्हिसाचे आणि एजंटांचे प्रश्न तुला येत असणार. ते ऑडिओत घेऊ नकोस. नियम बदलतात आणि तुझ्या शब्दावर कुणी पैसे भरून बसेल. एवढंच सांग की कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी जर्मनीचा वाणिज्य दूतावास बंगळूरला आहे आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी मुंबईला. निपाणीचा मुलगा आणि चंदगडची मुलगी एकाच रविवारी तुझं ऐकतात, पण दोघांसाठी वाणिज्य दूतावास वेगळा. पुढचं त्यांनी तिथूनच विचारून घ्यावं.

किती दिवस लागतील, हे मला सांगता येणार नाही. सुरुवातीला दोन-तीन रविवार वहीतल्या प्रश्नांवरच काढावे लागतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. येत्या रविवारी शेवटी हे म्हणून बघ, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घेऊन:

‘लीबे ह्योररिनन उंट ह्योरर, वास वार हॉयटे श्वेअर?’ इथे पाच सेकंद. ‘शिक्ट मिअर ऑयरे फ्रागन बिस मिटवोख. आइन वोर्ट आउफ डॉइच गेन्यूग्ट. फ्राग्ट रूइश, फेलर झिंट निष्ट श्लिम. आम झोनटाग आन्टवोर्टे इश ऑयश.’

बुधवारपर्यंत पाठवा, जर्मनमधला एक शब्द पुरे, चुका झाल्या तर बिघडत नाही, रविवारी उत्तर देते. बुधवार ही मुदत नक्की ठेव. ‘केव्हाही विचारा’ म्हटलेलं ‘कधीच नको’ होऊन बसतं. आणि रविवारी उत्तर दे म्हणजे दे, एकच प्रश्न आला असला तरी.

तो एक प्रश्न माझ्याकडून घे. ‘वी हाइस्ट माहेर आउफ डॉइच?’ ‘एल्टर्नहाउस’ म्हणजे आईवडिलांचं घर, हे मला ठाऊक आहे, पण ते लेकाचंही असतं. लग्न होऊन गेलेल्या लेकीचं तेवढं जे असतं, त्याला जर्मन बायका काय म्हणतात? बेळगावच्या एका श्रोतीनं विचारलंय असं सांग. मी ऐकत असेन.

तुझी,
ताई